दोन सरकारी हॉस्पिटलचं मॅनेजमेंट कंपेअर कसं करायचं?

शोधयात्री: नमस्कार मंडळी, आमच्या अभ्यासगटाला दोन सरकारी हॉस्पिटलपैकी कुठलं जास्त नीट चालवलं जातं ते ठरवायचंय. बेड दोन्हीकडे जवळपास तेवढेच. हातात आहे ते म्हणजे वर्षाचे पेशंट, मृत्यू, बेड किती भरलेले असतात आणि पेशंट सरासरी किती दिवस राहतो. पहिल्यात मृत्यू जास्त दिसतात म्हणून निम्मे लोक त्याला नापास करून मोकळे झालेत. मला हे अजिबात पटत नाहीये, कारण आई तिथे ॲडमिट असताना मी दहा दिवस तिच्या उशाशी बसून होतो आणि तिथल्या सिस्टर ड्यूटी बदलताना प्रत्येक बेडपाशी उभ्या राहून पुढच्या सिस्टरला सगळं सांगायच्या, कुठलं औषध दिलं, कुठलं राहिलं, रात्री ताप किती होता. हे कुठल्या आकड्यात येणार?

रात्रपाळी: मी बरीच वर्षं वॉर्डात काढली आहेत. नुसते मृत्यू मोजू नका हो, जिथे बाकीचे लोक हात टेकून सिरीयस केस पाठवतात तिथे मृत्यू जास्तच दिसणार. त्यापेक्षा डिस्चार्जची वेळ बघा. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणतात घरी सोडा, पण समरी लिहायला कोणी मोकळं नसतं, मग सही राहते, फार्मसीतून औषधं येत नाहीत, आणि पेशंट कपडे बदलून पिशवी मांडीवर घेऊन संध्याकाळी पाचपर्यंत बेडवर बसून राहतो. तेवढा वेळ खाली कॅज्युअल्टीत कोणीतरी ट्रॉलीवर पडून असतं. कागदावर बेड फुल्ल, म्हणून वाटतं बेड कमी पडतात. घरी सोडा म्हटल्यापासून बेड खरंच रिकामा होईपर्यंत किती तास गेले, दोन्हीकडचे एका आठवड्याचे काढा.

आकडेमोड: वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आरोग्यसेवेचा दर्जा कसा मोजायचा यावर काम केलेल्या डोनाबेडियनने १९६६ मध्येच तीन गोष्टी वेगळ्या करून ठेवल्यात, साधनं काय आहेत, काम कसं होतं आणि पेशंटचं शेवटी काय झालं. तुमच्याकडे मधलीच नाहीये.

आणि तुलना बरोबरीची हवी. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात बाळंतपणाचे दोन विभाग होते, एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्यात ११ टक्क्यांहून जास्त बायका दगावल्या, दुसऱ्यात ३ टक्क्यांपेक्षा कमी. बाई कुठल्या विभागात जाणार हे ती कुठल्या दिवशी आली त्यावर ठरायचं, त्यामुळे एकीकडे अवघड केस जास्त गेल्या असं म्हणायला जागाच नव्हती. म्हणून तर तिथल्या डॉक्टर सेमेलवाइसला फरक कामाच्या पद्धतीत शोधता आला, शवविच्छेदन करून डॉक्टर तसेच बाळंतिणीकडे यायचे. १८४७ मध्ये क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू धाडकन खाली आले. तुमच्या दोन हॉस्पिटलांत पेशंट असे वाटले जात नाहीत ना, मग वय आणि आजाराची गंभीरता धरल्याशिवाय मृत्यू शेजारी मांडूच नका.

शोधयात्री: बापरे, हे माहीत नव्हतं. पण कामाची पद्धत विचारायला गेलो तर सगळे छान छानच सांगणार ना?

आकडेमोड: म्हणूनच ब्लूम, व्हॅन रीनेन आणि साडून या अर्थशास्त्रज्ञांच्या हॉस्पिटल मॅनेजमेंटवरच्या सर्व्हेत मुलाखत देणाऱ्याला मार्क पडतायत हे सांगत नाहीत, आणि विचारणाऱ्याला हॉस्पिटलची कामगिरी आधी कळू देत नाहीत. हो-नाहीचे प्रश्न नसतात, उदाहरण मागतात आणि मग १ ते ५ मार्क. जिथे मॅनेजर स्वतः डॉक्टरकी किंवा नर्सिंग शिकलेले होते तिथे मार्क चांगले निघाले. एकाच आकड्यावर मात्र विसंबू नका. इंग्लंडमध्ये इमर्जन्सीतल्या पेशंटला ४ तासांत ॲडमिट करा नाहीतर सोडा अशी मर्यादा घातली तर ४ तास भरायच्या आधीच्या शेवटच्या काही मिनिटांत पेशंट हलवायची गर्दी उसळलेली आकडेवारीत स्पष्ट दिसते.

रात्रपाळी: तुम्ही पण असंच विचारा. मागच्या वेळी चुकीचं औषध गेलं तेव्हा दुसऱ्या दिवशी काय केलं? सिस्टरला झापलं एवढंच उत्तर आलं तर तिथेच थांबून अजून विचारा. आणि जिथे सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या वेगवेगळ्या कप्प्यात ठेवल्या म्हणतील, तिथे ते कपाट उघडून बघा. जमलं तर रात्री दोननंतर जा, साहेब लोक नसताना.

शोधयात्री: रात्रीची परवानगी मागतो. डिस्चार्जच्या वेळा सोमवारपासून लिहून घ्यायला सुरुवात करतो, आठवडा झाला की इथेच टाकतो.