विषय: हैतीचे ड्रम – शनिवारपर्यंत गॅरेज मोकळं हवंय

प्रेषक: गॅरेजवाले काका

मंडळी,
हैतीतल्या हिंचजवळच्या शाळेसाठी मंडळाने भरलेले ते तीन निळे ड्रम अजून माझ्याकडेच आहेत. जूनमध्ये "दोन आठवडे ठेवा" म्हणाला होतात. आता मखर आणायचंय आणि माझी गाडी पावसात उभी आहे. कार्गोवाला म्हणतो, राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरवतो, पुढचं तुम्ही बघा. पुढचं काय बघणार? मिरबाले हे वाटेतलं गाव मार्च 2025 मध्ये सशस्त्र टोळ्यांनी घेतलं, आणि हिंचला जाणारा रस्ता तिथूनच आहे.

प्रेषक: कोषाध्यक्ष

काका, नोव्हेंबर 2024 मध्ये विमानांवर गोळ्या झाडल्या, तेव्हापासून इथून, अमेरिकेतून, राजधानीला विमान नाही. चर्चच्या हैती समितीचे लोकही उत्तरेच्या काप-आयसियँ शहरावरून जातात. ड्रम तिकडून पाठवता येतील, पण भाडं आतल्या मालापेक्षा जास्त होतंय. समिती म्हणते, सरळ चेक द्या. पण सर्वसाधारण सभेच्या ठरावात "शालेय साहित्य" आहे, "रोख" नाही. कोणी परस्पर चर्चला शब्द देऊ नये.

प्रेषक: मराठी शाळेच्या मावशी

शब्द मी दिला, आणि देणारच. काल एक ड्रम उघडून पाहिला. एक स्नोपँट, दोन नायलॉनच्या साड्या, बाकी सगळी इंग्रजी पुस्तकं. अहो, तिथली मुलं घरी क्रेओल बोलतात, शाळेत त्यांच्यापुढे फ्रेंच येतं, त्यात आपली इंग्रजीची भर! खेड्यात सरकारी शाळा क्वचितच, बहुतेक खासगी, त्यातल्या पुष्कळ चर्चच्या. गणवेश नसेल तर पोर घरीच राहतं. तिथल्या फादरनी स्पष्ट लिहिलंय: कपडे नकोत, कापडाचे पैसे द्या, गावातला शिंपी शिवेल. अमेरिकेतून येणाऱ्या जुन्या कपड्यांना तिकडे "पेपे" म्हणतात. त्यापायी शिंप्यांचा धंदा बसला. आणि आपण तेच ड्रम भरून पाठवतोय.

प्रेषक: नाना

चर्चला चेक म्हणजे धर्मांतराला वर्गणी. पुन्हा विचारतो, गडचिरोलीत शाळा नाहीत का?

प्रेषक: मावशी

नाना, हैतीत आधीपासूनच बहुसंख्य ख्रिस्ती. बाटवायचं कोणाला? आणि सावित्रीबाई अध्यापनाचे धडे घ्यायला अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे गेल्या होत्या, त्या अमेरिकन मिशनच्याच ना? गडचिरोलीचा ठराव तुम्ही मांडा, अनुमोदन मी देते.

प्रेषक: माजी अध्यक्ष

2010 च्या भूकंपानंतर आमच्या समितीने एका फोनवर पैसे जमवले होते. तेव्हा ठरावाची भाषा कोणी काढली नव्हती. असो.

प्रेषक: कोषाध्यक्ष

"असो" कशाला? त्या वर्षीची पावती ऑडिटरने दोनदा मागितली. ती अजून मिळालेली नाही.

प्रेषक: युवा समिती

एक सुचवू? मी मार्चच्या आधी चर्चच्या गटाबरोबर जाऊन आलेय. शाळेचं आवार गावकऱ्यांनी "कोंबिट" करून साफ केलं. शंख फुंकला, ढोल वाजला, माणसं कुदळी घेऊन एका ओळीत, आणि दुपारी सगळ्यांना जेवण. माझी आजी म्हणाली, ही तर आपली इरजिक! त्यांची म्हणही आहे, "मेन आंपिल, शाय पा लू" – हात पुष्कळ असले की ओझं जड नाही. कापडाचा दुकानदार हिंचमध्येच आहे. समितीने त्याचं बिल आपल्या नावाने घेतलं, तर ते "साहित्य" होत नाही का?

प्रेषक: नाना

इरजिकेत आमच्याकडे हलगी असायची, आणि मालकाने मटण घातलं नाही तर पुढच्या वर्षी बैल फिरकत नसत. आमच्या थोरल्या चुलत्यांनी एकदा नुसती डाळ घातली होती. गाव अजून काढतं. हे लोक काय जेवायला घालतात?

प्रेषक: युवा समिती

नाना, भात आणि राजमा. तांदूळ मात्र अमेरिकेचा. 1995 मध्ये आयातशुल्क 3 टक्क्यांवर आणलं आणि आर्तिबोनीत खोऱ्यातले भात पिकवणारे शेतकरी बसले. क्लिंटननी 2010 मध्ये चूक कबूल केली होती.

प्रेषक: कोषाध्यक्ष

मंडळाच्या नावाने बिल असेल तर चालेल. चेक चर्चच्या समितीच्या नावे, मागे "कापड व शिलाई" लिहून. कार्यकारिणीने उद्यापर्यंत "हो" कळवावं. नानांचा विरोध नोंदवतो.

प्रेषक: नाना

विरोध नाही, शंका आहे. तसंच लिहा.

प्रेषक: गॅरेजवाले काका

सगळं छान. ड्रमचं काय?

प्रेषक: वहिनी (जेवण समिती)

काका, रिकामे करणारच असाल तर मधल्या ड्रममध्ये तळाशी बघाल का? माझं मोठं मोदकपात्र जूनपासून सापडत नाहीये.