भारताच्या फुटबॉल टीममध्ये सुनील छेत्रीनंतर नऊ नंबर कोण? आणि एका माणसावाचून एवढं अडतं कसं?

ठाण्याची_डावी_विंग
गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून २-१ हरलो आणि २०२७ चा आशियाई कप गेला, ते अजून पचलेलं नाही. छांगते, लिस्टन, महेश... कडेनं पळणारी पोरं आपल्याकडे बरी आहेत. तरी गोलची बोंब. जो तो म्हणतो, सेंटर फॉरवर्ड नाही, म्हणजे गोलसमोर मधोमध खेळणारा नऊ नंबर. अहो, गोल कुणीही मारावा की! जुन्या खेळाडूंपैकी कुणी समजावून सांगेल का?

पेठेतला_स्टॉपर
मी कोल्हापूरचा. फॉरवर्ड कधीच नव्हतो, शाहू स्टेडियमवर स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर खेळायचो, म्हणून पलीकडच्या बाजूनं सांगतो.

समोर नऊ नंबर नसला की आमची चैन असायची. एक स्टॉपर मागं थांबायचा, दुसरा बिनघोर पुढं जाऊन त्यांच्या मधल्या फळीतल्या गड्याला भिडायचा, नाहीतर कडेला मदतीला पळायचा. विंगरला मग एकाऐवजी दोघं. पण खमका गडी आम्हा दोघांच्या मधोमध येऊन उभा राहिला की दोघंही जागेवर खिळलो. बॉलला त्याचा पाय लागो न लागो. तो जवळच्या खांबाकडं पळाला की मला त्याच्या मागं जावंच लागायचं, आणि तिकडं लांबच्या खांबावर त्यांचा राइट आऊट, उजव्या कडेचा विंगर, मोकळा. गोल त्या पोराच्या नावावर लागायचा, शिव्या मला.

२०१८ च्या वर्ल्ड कपातला फ्रान्सचा नऊ नंबर जिरू आठव. पहिल्या मॅचला बाकावर बसवला, फ्रान्सनं ऑस्ट्रेलियाला जेमतेम २-१ हरवलं. पुढच्या सहाही मॅचला तो पहिल्या अकरात. अख्ख्या वर्ल्ड कपात त्याचा एकही फटका गोलवर नाही. लोक हसले. त्यांचा प्रशिक्षक देशाँ हसला नाही, कप घेऊन घरी गेला. एम्बापे आणि ग्रीझमनला जागा करून द्यायला कुणीतरी धक्के खायला लागतातच.

आता आपलं बघ. २०२४ मध्ये ११ मॅच, विजय शून्य, गोल चार. त्यातला एक छेत्रीची पेनल्टी, एक कॉर्नरवर राहुल भेकेचा हेड. भेके आपला मुंबईचा, पण तो डिफेंडर! छेत्री जूनमध्ये निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये चाळिशीत परत बोलवावा लागला. आल्या आल्या मालदीवविरुद्ध लिस्टनच्या क्रॉसवर हेडनं गोल. असले क्रॉस आधीही पडत होतेच, पोचणारा नव्हता.

रात्रीची_मॅच
सर, मग स्पेन? युरो २०१२ ची फायनल मिडफिल्डर फाब्रेगासला पुढं ठेवून खेळले, इटलीला ४-० धुतलं. नऊ नंबरशिवाय.

पेठेतला_स्टॉपर
स्पेनच्या चावी, इनिएस्तासारखे मिडफिल्डर आणून दे, मग आपणही तसं खेळू. आणि शेवटचे दोन गोल कसे झाले ते परत बघ. खरा नऊ नंबर तोरेस आत आला, एक स्वतः मारला, एक माताला करून दिला.

ठाण्याची_डावी_विंग
पटलं. पण मग असा गडी तयार का होत नाही?

पेठेतला_स्टॉपर
होईल कुठनं? आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) पहिल्या ११ हंगामांत सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकाही भारतीयाला नाही. क्लबला आज जिंकायचंय, मग नऊ नंबरला परदेशी. आपलं पोरगं वेगवान असलं की त्याला कडेला ढकलायचं. आमचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला फॉरवर्ड होता, पुढं क्लबांनी त्याला बहुतेक विंगवरच पळवला. दोष त्या प्रशिक्षकांचाही नाही म्हणा, चार मॅच हरले की त्यांचीच नोकरी जाते.

माझं मत विचारशील तर आयएसएलच्या खालच्या लीगमध्ये पुढच्या जागेसाठी परदेशी नकोच. गोल कमी होतील, होऊ देत.

रात्रीची_मॅच
प्रेक्षक आधीच कमी, त्यात गोलही कमी? चालवणार कोण लीग?

पेठेतला_स्टॉपर
ये एकदा कोल्हापूरला. ०-० च्या मॅचला गॅलरी किती भरते ते दाखवतो.