बकुळ मोडली त्या सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर

स्नेहल, ए ३०४ : गुड मॉर्निंग. रात्रीच्या वादळात गेट २ जवळची बकुळ मोडली 😔 दूध आणायला गेले तर आडवी पडलेली, वॉचमन म्हणे साडेअकराला कडकन आवाज आला

कुलकर्णी काकू, सी १०३ : अगं बाई! मागच्याच वर्षी पहिल्यांदा फुलली होती. मी ओंजळभर वेचून देव्हाऱ्यात ठेवली होती

अमोल, सी २०२ : वाऱ्यापुढे कोण काय करणार, पावसाच्या तोंडावर एखादं झाड जातंच. आता तो पार्किंगमधला गुलमोहर पण तोडून टाका एकदाचा, माझी गाडी त्याच्याखालीच असते

स्नेहल, ए ३०४ : वाऱ्याने नाही हो मोडली. फोटो टाकलाय तो झूम करून बघा. कमरेएवढ्या उंचीवर तुटलीये, बरोब्बर जिथे बांबूला बाइंडिंग वायर बांधली होती तिथेच. ३ वर्षांपूर्वी लावताना बांधली ती कुणी सोडलीच नाही, साल वाढत वाढत तिच्यावरून गेली आणि वायर पूर्ण आत. वायरच्या वर खोड फुगलंय आणि खाली माझ्या मनगटाएवढं पण नाही

गायकवाड आप्पा, बी १०१ : मी खाली जाऊन बघून आलो. पोरगी बरोबर सांगते. पानात तयार झालेलं अन्न सालीतून खाली मुळाकडे जातं, साल आवळली की ते वरच तुंबतं म्हणून ती फुगवटी. झाडाचा गळा आवळल्यासारखंच झालं. वारा फक्त निमित्त

सेक्रेटरी : कमिटीने खर्च करून बांबू, वायर सगळं आणलं होतं याची नोंद घ्यावी. ज्या माळ्याने बांधलं तो आता काम सोडून गेलेला आहे. 🙏

रश्मी, ए ६०१ : कोणाकडे पाणी येतंय का? आमच्याकडे सकाळपासून नाहीये

सेक्रेटरी : मोटर लावली आहे, १० मिनिटं.

गायकवाड आप्पा, बी १०१ : माळ्याला बोल लावून काय उपयोग, ३ वर्षं आपण सगळेच तिच्या शेजारून जातोय की. आमच्या निफाडला द्राक्षाची काडी तारेवर बांधतात पण बांधायला सुतळी. लहानपणी मी वडिलांना म्हणायचो ही कुजते, दुसरं काहीतरी पक्कं आणा. ते म्हणायचे कुजते म्हणूनच आणतो. तोवर काडी लाकूड झालेली असते, तिला आधार लागत नाही

अमोल, सी २०२ : 👌👌 आप्पा हे भारी

मंदार, बी ५०४ : मग नवीन झाडांना आधार द्यायचाच नाही का? ५ तारखेला २० रोपं लावतोय आपण, बॅनर पण छापून आलाय

गायकवाड आप्पा, बी १०१ : द्यायचा, पण ढिला. बांबू खोडाला चिकटवून नाही, वीतभर लांब ठोकायचा, आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची म्हणजे मधला पीळ खोड आणि बांबूच्या मध्ये येतो, घासत नाही. सुतळी नसेल तर सायकलची जुनी ट्यूब कापून. झाड थोडं हललं पाहिजे, हलल्यानेच खोड जाड होतं, जखडून ठेवलं की नुसतं उंच आणि लेचंपेचं. पुढच्या वर्षी मृगाच्या आधी सगळं सोडून बघायचं

कुलकर्णी काकू, सी १०३ : आप्पा गच्चीवरची हिरवी नेट पण काढायची ना हो आता? ह्यांना रोज सांगते, ते म्हणतात राहू दे पुढच्या उन्हाळ्याला उपयोगी पडेल 😄

गायकवाड आप्पा, बी १०१ : आजच काढा वहिनी. एप्रिल मे मध्ये ती सावली होती, आता ढगाळ हवेत आधीच ऊन कमी त्यात वर नेट, मोगऱ्याला फूल कुठून येणार. शिवाय वारा भरला की तीच नेट शिडासारखी फुगून कुंड्या आडव्या करते. घडी करून माळ्यावर टाका

रश्मी, ए ६०१ : मग थंडीत पण काही करावं लागतं का?

गायकवाड आप्पा, बी १०१ : इथे फार नाही, पाणी कमी घाला एवढंच. निफाडला पारा ४-५ वर येतो तेव्हा पहाटे बागेत शेकोट्या करतात आणि ड्रिपने पाणी सोडतात, नाहीतर मणी तडकतात. मी शाळेत असताना अख्खी रात्र जागलोय शेकोटीपाशी

रश्मी, ए ६०१ : आणि माझ्या जास्वंदीवर तो पांढरा कापूस झालाय, परत परत येतोय

स्नेहल, ए ३०४ : पिठ्या ढेकूण तो. आधी जोरात पाण्याने धुऊन काढ, मग १ लिटर पाण्यात ५ मिली नीम ऑइल आणि भांड्याच्या लिक्विडचे ४-५ थेंब, संध्याकाळी फवार, उन्हात नको. आणि कुंडीवर मुंग्या दिसतात का बघ, त्याच त्यांना या फांदीवरून त्या फांदीवर नेतात, मुंग्या असेपर्यंत तो जाणार नाही. कुंडीखालच्या ताटल्या पण काढ पाऊस सुरू व्हायच्या आत, डासांची अंडी होतात

अमोल, सी २०२ : गुलमोहराचं काय ठरलं??

सेक्रेटरी : महापालिकेच्या परवानगीशिवाय फांदीला पण हात लावता येत नाही. १९७५ चा कायदा आहे. अर्ज करतो, तोवर गाडी दुसरीकडे लावा.

अमोल, सी २०२ : दुसरीकडे कुठे 🙄

कुलकर्णी काकू, सी १०३ : बकुळ गेलीच का मग?

गायकवाड आप्पा, बी १०१ : खालचं खोड हिरवं आहे, नखाने खरवडून पाहिलं. वायरच्या खाली करवतीने तिरका काप घ्या म्हणजे पाणी साचणार नाही, वर बोर्डो पेस्ट. मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, दोन्ही वेगवेगळं भिजवून एकत्र करा, सगळं मिळून पाणी १ लिटर. प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी नको. धुमारे फुटतील, त्यातला एक सरळ ठेवायचा

मंदार, बी ५०४ : मोरचूद मी आणतो येताना

स्नेहल, ए ३०४ : मी आत्ता बाकीची झाडं बघत खाली उभीये. ७ बकुळींपैकी ४ ला वायर तशीच आहे, एकीची निम्मी आत गेलीये. कोणाकडे पक्कड आहे का?

सेक्रेटरी : माझ्याकडे आहे. येतो खाली.

गायकवाड आप्पा, बी १०१ : थांबा मी येईपर्यंत. आत गेलेली ओढू नका, साल सोलून निघेल. दिसते तेवढीच कापायची

अमोल, सी २०२ : चहा कोण आणतंय ☕