हत्तिणी बिनसुळ्याच्या जन्मू लागल्या, त्यात शिकारीचा हात कसा?

रानवाट:
मोझांबिकच्या गोरोंगोसा उद्यानात शिकारीमुळे बिनसुळ्याच्या हत्तिणी वाढल्या म्हणे. पण सुळे तर माणसांनी कापून नेले, पिल्लांना त्याचं काय? आयुष्यात झालेला बदल पिल्लांत उतरतो म्हणणारा लामार्कच मागच्या दाराने आला की! आणि सगळ्या माद्याच, बिनसुळ्याचे नर का नाहीत?

गुणसूत्र:
लामार्कचा संबंध नाही. अशा हत्तिणी तिथे आधीपासून होत्या, १८.५ टक्के. १९७७ ते १९९२ च्या यादवीत दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी हस्तिदंतासाठी हत्ती मारले, नव्वद टक्क्यांहून जास्त संपले. जिला सुळेच नाहीत तिच्यावर गोळी कोण वाया घालवणार? वाचलेल्या माद्यांत बिनसुळ्याच्या ५१ टक्क्यांच्या घरात गेल्या.

पण इथवर झाली ती फक्त निवड. बातम्या इथेच थांबतात आणि घोळ होतो. उत्क्रांती झाली का, हे पुढच्या पिढीत बघायचं. युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांत बिनसुळ्याच्या निघाल्या ३३ टक्के. तुलना ५१ शी नको, १८.५ शी करा.

आता नर. हा गुण एक्स गुणसूत्रावर आहे, प्रभावी (एकच प्रत पुरते) आहे आणि नरगर्भाला मारक आहे. आईकडे एक एक्स तसला, एक साधा. तसला एक्स मिळालेली मुलगी बिनसुळ्याची होते, मुलगा जन्मालाच येत नाही. म्हणजे अशा आईच्या जिवंत पिल्लांत दोनतृतीयांश माद्या हव्यात. मोजणीत ६५ टक्क्यांच्या आसपास आल्या. २०२१ च्या या अभ्यासात संशय मुख्यतः एएमईएलएक्स या दातांच्या जनुकावर आहे.

पाणवठा:
मग आपल्याकडचे मखना?

गुणसूत्र:
मखना म्हणजे बिनसुळ्याचा, पण जिवंत, धडधाकट नर. त्यामुळे हे गणित तिथे लागू होत नाही. आशियाई माद्यांना बाहेर दिसणारे मोठे सुळे नसतातच, म्हणून चोरटे नेमके सुळेवाले नर टिपतात. केरळच्या पेरियार अभयारण्यात १९९० च्या सुमारास शंभर माद्यांमागे जेमतेम एक प्रौढ नर उरला होता.

कडेकपार:
कायदेशीर शिकारीनेही हेच होतं. कॅनडात अल्बर्टातल्या राम माउंटनवर १९९६ पर्यंत शिंगाचा चारपंचमांश वेढा पूर्ण झालेला बिगहॉर्न जातीचा रानमेंढा मारता यायचा. ज्याची शिंगं भराभर वाढतात तो चार वर्षांचा होताच या मापात बसतो. माद्यांवर हक्क मात्र सहा-सात वर्षांचे दांडगे मेंढे गाजवतात. म्हणजे वंश वाढवण्याआधीच तो गेला, आणि कळपातली शिंगं लहान होत गेली. नंतर पूर्ण वेढ्याची अट आली, शिकार जवळपास थांबली, तरी शिंगं लगेच सावरली नाहीत. यावर वाद झाला तो रास्तच होता: कळप दाटला, चारा कमी पडला तरी शिंगं खुरटतात. त्यामुळे नुसती फूटपट्टी लावून भागत नाही, कोण कुणाचं पिल्लू ही वंशावळ हाताशी लागते.