मिसो सूपच्या फोटोत मासा दिसत नाही

हॉटेलात ऑर्डर घ्यायच्या स्क्रीनबद्दल ‘फोटो मोठे ठेवा, गिऱ्हाईक आपोआप बटण दाबेल’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. जपानमध्ये रामेनच्या (नूडल-सूपच्या) दुकानांतली तिकीट-यंत्रं (शोक्केनकी) कित्येक ठिकाणी नुसत्या अक्षरी बटणांवर चालतात. आधी पैसे, मग चिठ्ठी.

आपल्या गोव्यात गोम वेगळीच. मिसो सूपच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी सूपच्या) फोटोत टोफू आणि कांद्याची पात दिसते, पण खालची दाशी, म्हणजे सूपचा मूळ रस्सा, बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाची. पणजीत एका सोमवारी फोटो बघूनच आईसाठी ते मागवलं. पहिल्याच घोटाला ती म्हणाली, "हाका सुक्या नुस्त्याचो वास येता रे!" (नुस्तें म्हणजे मासळी.) उपास माझ्यामुळे मोडला. म्हणून ‘आज मासळी चालेल का?’ हा प्रश्न पहिल्याच स्क्रीनवर हवा, पदार्थाच्या पानावरचा हिरवा ठिपका कोण बघतो?