कुत्र्याचे जंत, लसणाची पाकळी आणि 'सेव्ह केलं ताई'

रोखठोक
परवा इथे एक पोस्ट फिरत होती: "कुत्र्याला जंताच्या गोळ्यांचं विष कशाला? रोज लसणाची एक पाकळी, किसलेलं गाजर, भोपळ्याच्या बियांची पूड. जंत आपोआप पडतात." खाली बदाम, जोडलेले हात आणि 'सेव्ह केलं ताई'. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण आता राहवत नाही.

लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. वजनाला वजन लावलं तर तो कांद्याहून जहाल. त्यात परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते, तोवर मालक 'नॅचरल' म्हणून खूश. हुकवर्म हा जंत तर आतड्याला दात रोवून रक्तच पितो. म्हणजे ज्या पिल्लाचं रक्त आधीच आटलंय, त्याला तुम्ही रक्त फोडणारी वस्तू भरवताय. आणि गाजर जंत 'खरवडून' काढतं म्हणे! दात रोवून बसलेला किडा गाजराच्या किसाने निघतो हे कोणी पाहिलंय?

हिरवाई
ती पोस्ट माझी आहे. नाव घेऊन बोलला असतात तरी चाललं असतं.
माझ्या कुत्रीला एका डॉक्टरांनी वजनही न करता अंदाजाने गोळी दिली. रात्रभर उलट्या काढत होती, मी तिच्याजवळ जागी. त्यानंतर बियांची पूड सुरू केली आणि शीमध्ये जंत पडलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. पांढरे, वळवळणारे. तेव्हा मला पुस्तकी ज्ञान नको. आणि गोळ्यांचं एवढं कौतुक असेल तर अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये कुठल्याच नेहमीच्या औषधाला दाद न देणारे हुकवर्म निघालेत, त्यावरही लिहा. का तेवढं सोयीने विसरायचं?

तपासनीस
हिरवाईताई, ते पांढरे वळवळणारे तुकडे तांदळाच्या दाण्यासारखे होते ना? तो टेपवर्म, पट्टीसारखा लांब, तुकड्यातुकड्यांचा जंत. पिकलेले तुकडे तो स्वतःहूनच टाकत असतो, बिया द्या नाहीतर देऊ नका. डोकं आतड्याला चिकटलेलंच राहतं आणि नवे तुकडे येत राहतात. शिवाय हा प्रकार पिसवांमधून येतो. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं, तिच्या पोटात टेपवर्मचं पिल्लू. पिसवा आहेत तोवर गोळी काय आणि बिया काय, पुन्हा होणारच.
ग्रेहाउंडचा मुद्दा खरा आहे. पण औषध निकामी ठरत असेल तर शी तपासून दुसरं औषध शोधायचं. लसूण कुठून आला मध्येच?

मोकळा_श्वास
डायटोमेशियस अर्थ (सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांची मातीसारखी पूड) कोणी वापरून पाहिलंय का? आमच्याकडे उत्तम रिझल्ट.

रोखठोक
ती पावडर किड्याच्या अंगावरचा मेणचट थर शोषते, तेही कोरडी असताना. आतडं कोरडं असतं का?

जुनं_खोड
'नॅचरल काही चालत नाही' हेही धादांत खोटं. सुपारीतलं अरेकोलिन कुत्र्यांच्या टेपवर्मवर कित्येक वर्षं रीतसर वापरलं गेलं. न्यूझीलंडच्या हायडॅटिडविरोधी (कुत्र्यांच्या एका टेपवर्ममुळे माणसांना, मेंढ्यांना होणारा गाठींचा आजार) मोहिमेत कुत्र्यांना तेच देऊन जुलाब करवायचे आणि पडलेलं तपासायचे. कुत्री ओकायची, गळून जायची. १९७०च्या दशकात प्राझिक्वांटेल हे टेपवर्मवरचं औषध आलं आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नॅचरल उपाय लागू पडत होता, फक्त कुत्र्याचेही हाल करत होता. आणि तुमचं ते 'केमिकल' जंतनाशक आयव्हरमेक्टिन ज्या औषधांच्या घराण्यातलं, त्याचं मूळ मातीतला जिवाणू. २०१५चं नोबेल त्यासाठीच. पण नॅचरल म्हणून कोली जातीच्या कुत्र्याला ते आपल्या मनाने देऊ नका, एका जनुकातल्या दोषामुळे त्यातल्या अनेकांच्या मेंदूत ते शिरतं. नॅचरल आणि केमिकल ही भिंत तुमच्या डोक्यात आहे, जंताला तिचा पत्ता नाही.

सकाळची_फेरी
अवांतर: लसूण-गोळी चालू द्या, पण तुमच्यापैकी शी उचलतं कोण?

पंजाछाप
मातीत जिरते. खतच होतं. फिरायला न्यायचं की पिशव्या घेऊन मिरवायचं?

सकाळची_फेरी
खत? राउंडवर्मची (आतड्यातल्या गोल जंताची) अंडी मातीत कित्येक वर्षं टिकतात. शीबरोबर पडतात तेव्हा संसर्गजन्य नसतात, दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे लगेच उचलली तर विषयच संपला. 'जिरली' म्हणून तुम्ही निघून जाता तेव्हा धोका तिथे नुकता सुरू होतो. माझ्या भाच्याच्या डोळ्यात त्या अंड्यातून निघालेली अळी गेली. मातीत खेळायचा, बोटं तोंडात घालायचा. त्या डोळ्याने त्याला आता नीट दिसत नाही. तुमच्या खताबद्दल त्याच्या आईशी बोला.

पंजाछाप
वाईट वाटलं. पण अंडी माझ्याच कुत्र्याची कशावरून? भटकी कुत्री आहेत, मांजरं आहेत. माझ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी गोळी असते.

तपासनीस
गोळी त्या दिवशी पोटात असलेले मारते. दुसऱ्या दिवशी त्याने काही चाटलं तर त्यावर तिचा अंमल नाही.

पंजाछाप
म्हणजे गोळीही निरुपयोगी! मग हिरवाईताईंचं काय चुकलं?

रोखठोक
अहो, वाक्य पूर्ण वाचा तरी.

सकाळची_फेरी
ते शी अर्धवट सोडतात, तसंच वाक्य.

पंजाछाप
वैयक्तिक होऊ नका. तुम्ही कोण मला पाळणूक शिकवणार? आणि मांजरवाल्यांना कोणी काही विचारत नाही, हा अन्याय कुठल्याच धाग्यावर दिसत नाही.

जुनं_खोड
झालं, आता मांजरं.

तपासनीस
मूळ मुद्द्यावर एकदाच येतो. घरात पिल्लं असतील तर हे सगळे प्रयोग बाजूला ठेवा. मादीच्या अंगात झोपलेल्या राउंडवर्मच्या अळ्या गाभणपणात जाग्या होतात आणि पिल्लात पोटातच शिरतात. हुकवर्म दुधातून जातो. म्हणून पहिला डोस दोन आठवड्यांच्या वयाला, मग दर दोन आठवड्यांनी, वजन करून. मोठ्या कुत्र्याची शी तपासून घ्या, पण एका 'निगेटिव्ह'वर निर्धास्त होऊ नका. जंत वयात आले नसतील तर अंडी दिसतच नाहीत, टेपवर्म तर हमखास निसटतो.

हिरवाई
ठीक आहे डॉक्टरसाहेब, लसूण पोस्टमधून काढते. बिया राहतील, त्याने कोणी मेलेलं नाही. आणि त्या अंदाजपंचे गोळीवाल्यांना कोणी जाब विचारला तर मलाही कळवा.

रोखठोक
गाजर?

हिरवाई
गाजर तिला आवडतं. ते काढणार नाही.

पंजाछाप
मांजरांबद्दल कोणी उत्तर देणार आहे का?