बेळगावच्या शहापुरात मिठाईचे दुकान: ट्रेड लायसन्स आणि फूड लायसन्स एकच का?

प्रश्न:
नमस्कार. बेळगावच्या शहापुरात भाड्याच्या गाळ्यात कुंदा आणि फराळाचे छोटे दुकान सुरू करायचे आहे. महानगरपालिकेचे ट्रेड लायसन्स, कामगार खात्याची नोंदणी आणि अन्नसुरक्षेची नोंदणी हे सारे एकच आहे, असे एकाने सांगितले. ते खरे आहे का?

उत्तर १:
नाही. तिन्ही वेगळी आहेत. ट्रेड लायसन्स, म्हणजे कन्नड अर्जावरील ‘उद्दिमे परवानगी’, ही कर्नाटक महानगरपालिका कायदा 1976 खाली त्या जागेतील त्या व्यवसायासाठी मिळते. कामगार खात्याची नोंदणी 1961 च्या दुकाने व वाणिज्य आस्थापना कायद्याखाली होते आणि खाद्यपदार्थांसाठी 2006 चा अन्नसुरक्षा कायदा लागू होतो. भाडेकरार आणि मालकाची घरपट्टी पावती आधी हाती घ्या. माझा अर्ज एकदा केवळ करारात गाळा क्रमांक नसल्यामुळे परत आला होता, आणि त्यात दिवाळीचा हंगाम गेला, याचे आजही वाईट वाटते.

उत्तर २:
जागा कोणाच्या हद्दीत येते, हे आधी पाहा. कॅम्प भागात कँटोन्मेंट बोर्डाकडे जावे लागते आणि खेड्यात ग्रामपंचायतीकडे. पाटीवर मराठी हवी तर जरूर ठेवा, परंतु कर्नाटकाच्या कन्नड भाषाविषयक कायद्यातील 2024 च्या दुरुस्तीनुसार फलकाचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये आणि तोही वरच्या अर्ध्यात हवा. पाटी रंगवायला देण्यापूर्वीच हे ठरवा.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. करारात गाळा क्रमांक आजच घालून घेतो.